कुलूप घेण्यापूर्वीं दाराचें माप

दिवाळी सरते, भात झोडून होतें, आणि शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वस्त्यांतलीं कित्येक कुटुंबें वीटभट्टीची उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडे निघतात. होळीस कांहीं जण घरीं येऊन जातात, कांहींना तेंही साधत नाहीं. पावसाच्या तोंडावर मात्र सर्व परततात. मधल्या पांच-सहा महिन्यांत घर दारावरच्या एका कुलपाच्या हवालीं असतें. त्या घरांत सोनेंनाणें नसतें हें खरें. पण पत्र्याच्या पेटींत रेशनकार्ड असतें, मुलांचे जातीचे दाखले असतात, २००६ सालच्या वनहक्क कायद्याखालीं केलेल्या दाव्याचे कागद असतात. भांडें गेलें तर पुढल्या हंगामांत दुसरें घेतां येतें. कागद गेले तर तहसील कचेरीच्या किती फेऱ्या घालाव्या लागतात, तें ज्यानें घातल्या त्यालाच ठाऊक.

आतां हें कुलूप आपण कसें विकत घेतों तें पाहा. बाजाराच्या दिवशीं, किंवा पौषी पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेंत, दुकानदार चार कुलपें पुढें टाकतो. आपण तीं हातांत घेऊन जोखतों, त्यांतल्या त्यांत जड तें पसंत करतों, दोन-चार रुपये कमी करवितों आणि घरीं आणतों. दार मात्र कोणी मोजलेलें नसतें. मग कोयंड्याच्या भोंकांत कुलपाचा दांडा शिरत नाहीं, किंवा दारांत बसवावयाचें कुलूप असल्यास त्याची पेटी झडपेच्या जाडींत मावत नाहीं. सुतार बिचारा पटाशीनें खांच वाढवीत जातो आणि चांगली झडप ऐन मोक्याच्या जागीं पोकळ करून ठेवतो. हें टाळतां येण्यासारखें आहे, आणि त्याला लागतें तें सामान म्हणजे एक मोजपट्टी, एक पेन्सिल व अर्धा तास.

आपल्या भागांतील दारांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण मापाची रीत दारागणिक बदलते. कारवीच्या कुडाच्या घराला पूर्वीं ताटी असे. ती ओढून घेतली व दोरीनें बांधली कीं झालें. ताटीला कुलूप कसलें? ज्यांच्या घरीं सागाची चौकट आली त्यांच्याकडे कडी-कोयंडा आला. झडपेला लोंबणारी कडी वर उचलून चौकटीच्या वरच्या लांकडांतील कोयंड्यांत अडकवावयाची व त्यांत कुलूप घालावयाचें, ही पद्धत अजूनही गांवोगांव आहे. अलीकडे घरकुल योजनेंतून झालेल्या पक्क्या घरांना पुष्कळदां लोखंडी अँगलचें व पत्र्याचें दार असतें. शिक्षक, ग्रामसेवक, रेल्वेंत नोकरीस असलेले लोक जीं नवीं घरें बांधतात, त्यांना कारखान्यांत तयार झालेलें गुळगुळीत फ्लश दार बसवितात. त्याचें कुलूप दाराच्या आंत लपलेलें असतें. या दारांत नुसता दिसण्याचाच फरक नाहीं. पाणी पिऊन फुगण्याचा प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे, आणि आपल्या विषयाला महत्त्व आहे तें यालाच.

कुलपाच्या आंतली करामत मोठी पुरातन आहे. प्राचीन मिसर व असुर देशांत लांकडी कुलपें असत व त्यांच्या किल्ल्या हातभर लांब असत. यशयाच्या पुस्तकांत (२२:२२) खांद्यावर ठेवलेल्या किल्लीचा जो उल्लेख आहे, तो अशी किल्ली डोळ्यांपुढें आणली म्हणजे सहज समजतो. १७७८ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें लिव्हरचें सुधारलेलें कुलूप केलें. आपल्या बाजारांत 'सहा लिव्हर', 'सात लिव्हर' असें जें सांगतात तें त्याच वंशांतलें. अमेरिकेच्या लायनस येल यानें १८६१ व १८६५ मध्यें लहान चपट्या किल्लीच्या कुलपाचीं पेटंटें घेतलीं. आपल्या मुंबईंत आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं लालबाग येथें कुलपांचा कारखाना काढला, आणि उत्तरेकडे अलीगढ शहर तर कुलपांसाठींच प्रसिद्ध झालें. या सर्वांची अक्कल एकाच गोष्टीवर खर्च झाली: खोट्या किल्लीनें कुलूप उघडूं नये. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कारागिरानें इंग्रजांचीं नामांकित कुलपें उघडून दाखविलीं, तेव्हां तेथें केवढी खळबळ उडाली! परंतु आपल्या वस्तींत येणारा चोर हॉब्स नसतो. तो किल्लीच्या भोंकाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. तो फटींत पहार घालतो. आणि फट किती रुंद आहे हें कुलपाचा कारखानदार ठरवीत नसतो.

म्हणून दारांत बसविलेल्या कुलपाच्या बाबतींत पहिलें व मुख्य माप फटीचें. किल्ली फिरविली कीं कुलपांतून लोखंडाचा किंवा पितळेचा चौकोनी तुकडा बाहेर येऊन चौकटींत शिरतो. त्याला या धड्यांत आपण जीभ म्हणूं. दार बंद राहतें तें जिभेच्या एकंदर लांबीमुळें नव्हे, तर तिचा जेवढा भाग चौकटीच्या लांकडांत शिरला तेवढ्यामुळें. जुन्या गडांच्या दरवाजांत दोन्ही बाजूंच्या भिंतींना अडसराचीं भोंकें असतात. एका बाजूचें भोंक इतकें खोल असतें कीं दार उघडतांना सगळा अडसर त्यांत सरकवून ठेवतां यावा. ज्यांनीं तीं भोंकें खोदलीं त्यांना हें पुरतें ठाऊक होतें. आपण लहानशा कुलपाच्या बाबतींत तें विसरतों.

झडप व चौकट यांमधली फट मोजण्यास सोपें साधन म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे. दार बंद करून एकावर एक तुकडे फटींत सरकवावे, घट्ट बसले कीं बाहेर काढून त्यांची जाडी मोजावी. वर, मध्यें व खालीं असें तीन ठिकाणीं करावें. तिन्ही सारखीं आलीं असें क्वचितच घडतें. मग कुलपाची जीभ पूर्ण बाहेर काढून तिची लांबी मोजावी व तींतून फट वजा करावी. जी बाकी राहील तेंच तुमच्या दाराचें बळ.

परंतु हें माप कोणत्या महिन्यांत घेतलें, हें विचारल्यावांचून त्याला अर्थ नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं पाऊस कसा कोसळतो हें माळशेज घाटाखालच्या किंवा कसारा-खर्डीकडच्या माणसाला सांगावयास नको. त्या ओल्या हवेंत लांकूड पाणी ओढून घेतें व फुगतें; उन्हाळ्यांत तें सोडून देतें व आकसतें. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं लांकूड रुंदींत फुगतें, लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. त्यामुळें उभ्या फळ्यांच्या झडपेची उंची वर्षभर तीच राहते, रुंदी मात्र बदलते. साग हा या बाबतींत इतर पुष्कळ लांकडांपेक्षां शहाणा आहे, तरी त्यालाही हा नियम चुकलेला नाहीं.

एक हिशेब मांडून पाहूं. आपले सुतार इंचाचे आठ भाग करून एकेका भागाला सूत म्हणतात. फळ्या एकमेकींना घट्ट जोडून केलेली सागाची एक झडप आहे असें समजा. रुंदी ३० इंच. आषाढ व चैत्र यांमध्यें तिच्या रुंदींत दोन सुतांचा फरक पडणें अगदीं शक्य आहे. आषाढांत फट एक सूत होती. कुलपाची जीभ चार सूत लांब. म्हणजे तीन सूत जीभ चौकटींत, ठीक चाललें आहे. चैत्रांत तीच फट तीन सूत होते आणि चौकटींत उरते एक सूत जीभ! एवढ्या आधारावर दार धरलेलें असतें. फटींत पहारीचें टोंक घातलें, चौकट जराशी लवली, कीं किल्लीशिवाय काम झालें. आणि ही गोष्ट केव्हां घडते? मार्गशीर्षापासून चैत्र-वैशाखापर्यंत, म्हणजे घरचीं माणसें नेमकीं भट्टीवर असतात तेव्हां. पावसाळ्यांत घरांत माणसें असतात व कुलूपही बळकट असतें. उन्हाळ्यांत घर रिकामें आणि कुलूप दुबळें. आपल्या भागांतील दाराचें माप इतर कोठल्याही पुस्तकांतल्या मापाहून वेगळें घ्यावें लागतें, तें याकरितां.

यावरून असें करावें. कार्तिकांत कुलूप बसवीत असाल तर लांकूड अजून ओलसर आहे, फट आणखी वाढणार आहे, हें धरून चालावें व जीभ लांब पाहून घ्यावी. सहा-सात सुतांची असली तर उत्तम. कांहीं कुलपांत किल्ली दोनदां फिरते व दुसऱ्या फेरीला जीभ आणखी पुढें येते. तीं अशा घरांस योग्य होत. वैशाखांत बसवीत असाल तर उलट विचार: फट आज मोठी दिसते म्हणून झडपेला पट्टी ठोकून ती बुजवूं नये, नाहीं तर आषाढांत दार चौकटींत असें रुतेल कीं तें खांद्यानें ढकलावें लागेल. चौकटींतलें भोंकही जीभ पूर्ण बाहेर येऊन वर थोडी जागा उरेल इतकें खोल असावें. भोंक उथळ राहिलें तर फुगलेल्या दारांत किल्ली अर्ध्यावर अडते, आणि मग जोर केला कीं ती आंत तुटते.

फळ्यांच्या झडपेइतका हा त्रास इतर दारांना नाहीं. कडेला उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करून मधें पातळ पॅनेल सैल बसविलेलें असतें, त्या दाराचें पॅनेल खांचेंतल्या खांचेंत फुगतें व आकसतें. फटीवर परिणाम होतो तो फक्त दोन उभ्या पट्ट्यांचा. फ्लश दारांत लांकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले असल्यामुळें तें रुंदींत फारसें हलत नाहीं. मात्र खालून पाणी लागलें तर थर सुटतात, आणि मग माप घेण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. झडपेच्या वरच्या व खालच्या कापलेल्या कडेंतून लांकूड सर्वांत अधिक पाणी पितें. रंगारी नेमक्या त्याच दोन कडा रंगवावयाचें विसरतो, कारण त्या कोणाला दिसत नाहींत.

माप घेण्यापूर्वीं दार निरोगी आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळदां आपण ज्याला फुगणें म्हणतों तें खरें पाहतां झुकणें असतें: वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होतात व झडपेचा मोकळा कोपरा खालीं येतो. हें ओळखण्यास सुतळी पुरे. झडपेच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणावी, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर ताणावी. दोन्ही लांब्या सारख्या आल्या तर झडप काटकोनांत आहे. झडप काटकोनांत असूनही दार उंबऱ्याला घासत असेल, तर बिजागरी तपासावी व चौकट ओळंब्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. झुकलेल्या दारावर घेतलेलें माप बिजागरी आंवळल्याबरोबर खोटें ठरतें. जीभ एकीकडे, भोंक दुसरीकडे. म्हणून आधीं बिजागरी, मग मोजपट्टी.

मोजपट्टी कोणती वापरावी, हाही लहानसा प्रश्न आहे. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आलीं. कुलपाच्या खोक्यावर मिलिमीटर छापलेले असतात. सुतार मात्र इंच व सूत बोलतो. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरांना किंचित् कमी. सव्वा इंच जाडीची झडप म्हणजे दहा सूत, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. दुकानदारानें त्याला ३० म्हटलें तर दोन मिलिमीटर कोठें गेले तें कुलूप बसवितांना कळतें. यावर उपाय एकच: रूपांतर करूं नये. पोलादी पट्टीवर दोन्ही खुणा असतात. कुलपासाठीं जें मोजावयाचें तें सरळ मिलिमीटरांतच वाचून लिहावें, आणि सुताराला त्याच्या भाषेंत निराळें सांगावें.

आतां झडपेचीं मापें. जाडी ही कडेवर पट्टी धरून मोजावी, रंगासह. वर, मध्यें व जेथें कुलूप येणार तेथें. जुन्या रंधलेल्या झडपा एका टोंकाला जाड व दुसऱ्याला पातळ असतात. फळ्यांच्या दाराला पाठीमागून आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात; कुलूप पट्टीवर येणार कीं नुसत्या फळीवर, हें ठरवून तेथलीच जाडी धरावी. जाडी इतकी महत्त्वाची कां? दारांत लपणाऱ्या कुलपाची पेटी १५ मिलिमीटर जाड आहे असें धरा. भारतीय मानकाप्रमाणें फ्लश दारें २५, ३० व ३५ मिलिमीटर जाडीचीं असतात. पस्तिसाच्या दारांत खांच केल्यावर पेटीच्या दोन्ही अंगांस दहा-दहा मिलिमीटर लांकूड राहतें. तिसाच्या दारांत साडेसात. पंचविसाच्या दारांत पांच. पांच मिलिमीटर लांकूड म्हणजे सुपारीच्या खोक्याची फळी! असल्या पातळ दाराला आंत लपणारें कुलूप देऊंच नये. आंतल्या अंगाला वरून स्क्रूनें बसणारें डब्याचें कुलूप द्यावें, म्हणजे खांच करावी लागत नाहीं. कांहीं कुलपांत किल्लीची नळी वेगळी येते व ती ६० किंवा ७० मिलिमीटर लांब असते. तिचीं टोंकें दोन्हीकडच्या पितळी पट्ट्यांच्या बरोबरीला यावयास हवीं. नळी बाहेरच्या अंगाला पुढें आली तर चोराला पक्कडीनें धरावयास मूठच मिळते.

दुसरें माप झडपेच्या मोकळ्या कडेपासून किल्लीच्या भोंकापर्यंतचें. हें भोंकाच्या मध्यापर्यंत मोजावें, कडेपर्यंत नव्हे; लोक येथेंच फसतात. कुलपें यांत निरनिराळीं येतात, ४५ मिलिमीटरांपासून ७० मिलिमीटरांपर्यंत. जुनें कुलूप काढून नवें घालतांना हें अंतर व मुठीपासून किल्लीच्या भोंकापर्यंतचें उभें अंतर, दोन्ही जुन्यासारखीं असतील तर सगळें काम स्क्रूच्या पानानें होतें. एकांत जरी पांच मिलिमीटरांचा फरक पडला, तरी जुनें भोंक अर्धें उघडें राहतें आणि नवें त्याला चाटून जातें. नव्या दाराला हें अंतर निवडतांना दोन गोष्टी पाहाव्या: पॅनेलच्या दाराची कडेची उभी पट्टी किती रुंद आहे, म्हणजे पेटी तिच्या बाहेर पॅनेलांत घुसणार नाहीं, आणि किल्ली फिरवितांना बोटांचीं पेरें चौकटीला घासणार नाहींत. फ्लश दारांत कुलपासाठीं आंत लांकडाचा ठोकळा ठेवलेला असतो. तो कोणत्या कडेला आहे हें दार घेतांनाच विचारून तेथें खूण करून घ्यावी. दार उलटें टांगल्यावर हा शोध लावण्यांत अर्थ नाहीं.

दार डावें कीं उजवें, यावर दुकानांत फार घोटाळे होतात. एकाचें डावें तें दुसऱ्याचें उजवें. तेव्हां 'डावें दार' असें म्हणूंच नये. बाहेर रस्त्याकडून दारासमोर उभें राहून पूर्ण वाक्य लिहावें: 'बिजागरी माझ्या डाव्या हाताला, दार आंत उघडतें.' हें वाक्य वाचून कोणताही दुकानदार योग्य कुलूप काढून देईल. उंचीविषयीं इतकेंच कीं जमिनीपासून साधारण तीन फूट बरें. पण जमीन म्हणजे पुरी झालेली जमीन. घरकुलांत आज कोबा असतो, दोन वर्षांनीं फरशी येते व जमीन दीड-दोन इंच वर चढते. घरांत कमरेंत वांकलेली आजी असेल तर तिचा हात कोठें पोंचतो तेंही पाहावें. आंतून दार उघडावयास किल्ली शोधावी लागेल असें कुलूप राहत्या घराला लावूं नये. रात्रीं आग लागली तर अंधारांत किल्ली सांपडत नाहीं.

आतां कडी-कोयंड्याकडे येऊं. शहरांतून आलेला माणूस याला जुनाट म्हणून हंसतो. सहा महिने बंद राहणाऱ्या लांकडी दाराला मात्र आमच्या मतें नीट बसविलेला कडी-कोयंडा आंत लपणाऱ्या स्वस्त कुलपापेक्षां चांगला. कारण तो झडपेच्या तोंडावर असतो; फट दोन सुतांनीं वाढली काय, कमी झाली काय, कडी कोयंड्यांत तितकीच अडकते. मात्र कडी मोजूनच घ्यावी. झडपेंतील तिच्या खिळ्यापासून कोयंड्याच्या मध्यापर्यंतचें अंतर दार पूर्ण लोटून मोजावें, आणि त्यांत थोडीच सैल जागा धरावी. आंखूड कडी दार जरा झुकलें कीं पोंचत नाहीं. फार लांब कडी कुलूप लावल्यावरही दाराला बोटभर उघडूं देते, आणि तीच पहारीची जागा. कोयंड्याचें भोंक कुलपाच्या दांड्यापेक्षां एक-दोन मिलिमीटरच मोठें असावें. दांडा ८ मिलिमीटरांचा व भोंक १५ चें असें असेल तर बाकीच्या जागेंत काय शिरतें तें सांगावयास नको. दांड्याची कमानही गरजेपेक्षां उंच नसावी. कुलूप कोयंड्याला जितकें चिकटून लोंबेल तितकें तें पिरगाळणें कठीण.

कडी ज्यानें धरलेली आहे तें पाहणें हेंही मापाचेंच अंग आहे. पाऊण इंचाचे चार स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप सात लिव्हरचें असलें काय आणि सत्तर लिव्हरचें असलें काय! झडप व पट्टी यांची जाडी मिळवून, त्यांत वायसर व नटापुरती लांबी धरून, आरपार बोल्ट घ्यावे. गोल डोकें बाहेर, नट आंत. झडप १० सूत व पट्टी ८ सूत असेल तर १८ सूत झाले. बोल्ट तीन इंची हवा, अडीच इंची नटापर्यंत जेमतेम पोंचेल. चौकटही भिंतींत लोखंडी पट्ट्यांनीं धरलेली असावी. मातीच्या गिलाव्यांत नुसती उभी केलेली चौकट कुलपासकट उचलून बाजूला ठेवतां येते.

लोखंडी दारासंबंधीं फार सांगावयाचें नाहीं. तें पावसानें फुगत नाहीं. उन्हानें लांबतें, पण साडेसहा फुटांच्या दारांत सकाळ-दुपारचा तीस अंशांचा फरक पडला तरी वाढ पाऊण मिलिमीटर होते. ती सोडून द्यावी. येथें मोजावयाचें तें झडपेवरच्या व चौकटीवरच्या लोखंडी कानांमधलें अंतर व दोन्ही कानांच्या भोंकांची सरळ रेषा. वेल्डिंगवाला कान घाईनें चिकटवितो व दोन्ही भोंकें अर्धीच समोरासमोर येतात. तें त्याच्या देखत कुलूप घालून पाहावें, पैसे नंतर द्यावे.

ज्यांना आंकडे वाचतां येत नाहींत त्यांनीं काय करावें? गांवांत शिकविणाऱ्या आमच्या बंधूंनीं हा भाग प्रत्यक्ष एखाद्या दारापाशीं करून दाखवावा. बांबूच्या पातळ काड्या घ्याव्या. एक काडी झडपेच्या जाडीइतकी कापावी, एक मोकळ्या कडेपासून भोंकाच्या मध्यापर्यंत, एक कडीच्या खिळ्यापासून कोयंड्यापर्यंत. प्रत्येकीला निराळ्या रंगाचा दोरा बांधावा, म्हणजे बाजारांत घोटाळा होणार नाहीं. दोरीचें माप घेऊं नये. ती ताणली तर लांबते. बांबूची काडी लांबींत बदलत नाहीं, भिजली तरी नाहीं. काड्यांबरोबर एक कागद झडपेच्या कडेवर दुमडून धरावा व भोंकांवर पेन्सिल घासून त्यांचे ठसे घ्यावे. ज्या बाईनें हा कागद व तीन काड्या दुकानाच्या फळीवर ठेवल्या तिला कोणी भलतें कुलूप देऊं शकत नाहीं, मग तिला सही येवो कीं न येवो.

कुलूप घरीं आलें कीं किल्ल्या मोजाव्या. दोन्ही किल्ल्या एकाच करगोट्याला बांधून भट्टीवर नेणारे लोक आहेत. एक किल्ली गांवांत राहणाऱ्या भरंवशाच्या माणसाकडे असावी. चपट्या किल्लीच्या कुलपांत खोबरेल घालूं नये, त्यावर धूळ बसून आंत राप चढतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून चार वेळां फिरवावी. खांच करतांना जी ताजी लांकडाची कड उघडी पडते तिला पेटी बसविण्याआधीं रंगाचा हात द्यावा. सुतारानें स्क्रू आंवळले म्हणजे लागलेंच दार लोटूं नये. झडप उघडी ठेवूनच बाहेरून किल्ली फिरवावी, जीभ पूर्ण येते व जाते हें पाहावें, मग आंतून फिरवावी. कांहीं अडलें तर झडप उघडी असल्यामुळें स्क्रू काढतां येतात. दोन्ही बाजूंनीं चार-चार वेळां किल्ली सहज फिरली, कीं एक माणूस किल्लीसह आंत व एक बाहेर राहून दार लोटावें.